दवाखान्यातलं पहिलं बाळ

भावोजी,

परवा तुमच्या शाळेत शोकसभा झाली. सरपंच बोलले, आसपासच्या शाळांतले मास्तर बोलले, दवाखान्यातले डॉक्टर बोलले. सगळ्यांनी फिरून फिरून एकच सांगितलं, की गुरुजींनी कधी आशा सोडली नाही. अशा वेळी टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी पोरांनी वाजवल्या. मग सरपंच माझ्याकडे वळले. म्हणाले, "बाई, तुम्ही घरच्या. तुम्ही दोन शब्द सांगा." मी नुसती मान हलवली आणि पदर पुढे ओढून बसून राहिले. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही.

मला रडू आलं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर 'याच आशेनं माझी बहीण मेली' एवढंच बाहेर पडलं असतं, आणि मग ती सभा तुमची राहिली नसती. ती उधळून लावणं माझ्या हातात होतं. मी गप्प बसले ते तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे. समोर, बायकांच्या घोळक्यात, तुमची मुलगी बसली होती.

तेव्हा तिथे गिळलेलं इथे बोलते. तुम्हाला उलट उत्तर देता येणार नाही, याचं मला समाधान आहे. जिवंतपणी तुम्ही माझा एकही वाद पुरा होऊ दिला नाहीत. मी आवाज चढवला, की तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, "मंजुळे, सगळं नीट होईल गं." त्या हसण्यावर बोलायला काही उरायचंच नाही. भिंतीशी भांडलं तर निदान हात तरी दुखतो.

पहिल्या पहिल्यांदा तुमचं ते 'नीट होईल' खरं व्हायचं, हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट झाली. ताईचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा मी चौथी होऊन घरी बसले होते. आमचे आप्पा शेतकरी माणूस, मुलीला याहून जास्त शिकवून काय करायचं असं त्यांचं पक्कं मत. तुम्ही तेव्हा आमच्या जव्हारच्याच शाळेत मास्तर. शाळा सुटली की ओसरीवर येऊन बसायचात, आप्पांशी पावसापाण्याचं बोलत बोलत माझ्याकडून गणितं सोडवून घ्यायचात. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आणि मी सातवीच्या फायनलला नापास झाले तर?" तुम्ही म्हणालात, "होणारच नाहीस." कशावरून, ते तुम्हालाही माहीत नव्हतं. अपूर्णांक मला शेवटपर्यंत कळले नाहीत. पण मी पास झाले. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले आणि ताई तुमच्याकडे अशी बघत राहिली, जणू पेपर तुम्हीच लिहून आला होतात. त्या दिवसापासून आमच्या घरात तुमच्या शब्दाला देवाच्या कौलाची किंमत आली. माझ्यासाठी तुम्ही जे केलंत ते मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

मग संस्थान विलीन झालं. जव्हारातली निम्मी घरं त्या दिवशी गप्प होती. कचेरीतल्या माणसांना, त्यांत नुकतंच माझ्याशी लग्न झालेले आमचे हेही आले, उद्या नोकरी राहते की जाते याचा घोर. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. तुम्ही मात्र पोरांची फेरी काढलीत, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यात आणि तसेच आप्पांकडे आलात.

"आप्पा, आता सरकार आपलं. रस्ते होतील, दवाखाने होतील. डोंगरातल्या पाड्यापाड्यावर शाळा होईल, बघा तुम्ही."

आप्पा सुपारी कातरत होते. म्हणाले, "होईल तेव्हा होईल मास्तर. तोवर जे आहे ते बघून पाऊल टाका."

तुम्ही हसलात. आणि जिथे जायला कुणी तयार नव्हतं, त्या मोखाड्याच्या पलीकडच्या शाळेवर बदली मागून घेतलीत. ताईला घेऊन गेलात. ती कुरकुरली नाही. तिचं पहिलं बाळ जव्हारच्या दवाखान्यात मेलेलं जन्माला आलं होतं, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिलाही गाव बदलावंसं वाटत असेल.

पण त्या बाळाच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते, ते आठवतं ना? मी तिथेच उभी होते. तुम्हीही होतात. ते म्हणाले होते, "हिचं अंग लहान आहे. या वेळी ही वाचली, हे नशीब. पुढच्या खेपेला शेवटचे महिने हिला इथून हलवू नका." तुम्ही मान डोलावली होतीत. ती मान डोलावलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून तर मी आजपर्यंत तुम्हाला सोडलं नाही. माहीत नसताना चुकलेल्या माणसावर मी एवढी वर्षं राग धरला नसता.

विलीनीकरणानंतरचा तिसरा पावसाळा तोंडावर आला होता. ताईला दिवस गेलेले, पोट पुढे आलेलं. तुम्ही तिला जव्हारला आणाल याची वाट बघून मी कंटाळले आणि एका लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक तुमच्या गावाकडे चालला होता, त्यात आमच्या ह्यांना बरोबर घेऊन बसले. आभाळ काळं झालं होतं. पोचले ती धुळीनं भरलेली, आणि उंबऱ्यातूनच म्हटलं, "भावोजी, ताईला न्यायला आले."

"अगं, पाणी तरी पी. आणि आधी चल, दवाखाना दाखवतो."

तुम्ही मला दवाखाना दाखवायला नेलंत! गावातल्या माणसांकडून दगड वाहून घेऊन तुम्ही ती खोली बांधून घेतली होतीत. चुना अजून ओला होता. दारावर झेंडूचं तोरण होतं, ते वाळून गेलं होतं. आत एक बाकडं, एक रिकामं कपाट. तुम्ही कपाटाचं दार उघडून दाखवलंत, बंद केलंत, पुन्हा उघडून दाखवलंत.

"डॉक्टर कुठे आहे?" मी विचारलं.

"येतोय. पावसाआधी येणार. साहेबांनी उद्घाटनाला सगळ्या गावासमोर सांगितलंय."

"पाऊस चार दिवसांवर आलाय."

"म्हणजे डॉक्टरही चार दिवसांवर आला," तुम्ही म्हणालात.

मी तुम्हाला जव्हारच्या डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. नदीला पाणी आलं की जव्हारची वाट बंद होते, हेही सांगितलं, जणू ते तुम्हाला माझ्याहून कमी माहीत होतं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा गंभीर झालात.

"मंजुळे, ऐक. इथल्या बायका दवाखान्याच्या नावानं रानात पळतात. सुई टोचली की माणूस मरतं म्हणतात. दरवर्षी बाळंतपणात बाया जातात इथे. मास्तरणीचं बाळ या खोलीत झालं, की सगळ्या येतील. नव्या दवाखान्यातलं पहिलं बाळ आपलं असणार आहे."

"आणि डॉक्टर आलाच नाही तर?"

"असं धरून चाललं तर जगात कुठलंच काम उभं राहायचं नाही."

भावोजी, त्या बायांची तुम्हाला खरंच कळकळ होती, हे मी तेव्हाही जाणून होते. पण त्या कळकळीची किंमत तुम्ही स्वतःच्या अंगावर नव्हती घेतली. ती ताईच्या अंगावर टाकलीत.

मी मागच्या पडवीत गेले. ताई नागली पाखडत बसली होती. मी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. म्हटलं, "ऊठ. तू चल माझ्याबरोबर. त्यांना मी बघते."

ती म्हणाली, "गाठोडं बांधून ठेवलंय गं मी, तू येणार हे ठाऊक होतं. पण त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. आता मी निघून गेले तर त्यांचं तोंड कसं राहील?"

"आणि तुझं काय?"

"येईल डॉक्टर," ती म्हणाली. "तू पास होशील म्हणाले होते, झालीस ना?"

ट्रकवाला भोंगा वाजवत होता. तिनं मला वाटीभर करवंदांचं लोणचं बांधून दिलं आणि दारात उभी राहून हात हलवत राहिली. तुम्ही तिच्या शेजारी होतात. हसत होतात.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला लहानूनं सांगितलं. तुमच्या शाळेत त्याची पोरं होती, आणि ताईच्या डोलीचा बांबू त्याच्या खांद्यावर होता. कळा सुरू होऊन सुइणीच्या हाताला यश येईना, तेव्हा कुठे तुम्ही जव्हारची वाट धरलीत. मी विचारलं, "नदीवर काय झालं लहानू?" तो खाली बघत बोलला. "मास्तर म्हंगत, आथा उतरंल, आथा उतरंल. पाणी तं चढतच होता, बाई. आम्ही म्हटला, वरच्या अंगानं डोंगरावरून जाऊ, तिकडं पात्र लहान हाय. मास्तर म्हंगत, कशाला, आथा उतरंल." काठावरच्या गुराख्यांच्या खोपटात ताईला निजवलं. मुलगी झाली. रक्त थांबलं नाही. पाऊस कोसळत होता आणि तुम्ही नदीकडे बघत उभे होतात.

वरच्या अंगानं गेला असतात तर ती वाचली असती का? मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. पण माणसं वाट दाखवत असताना तुम्ही उभे राहिलात, एवढं मला ठाऊक आहे.

पाणी उतरल्यावर तुम्ही बाळाला कांबळ्यात गुंडाळून माझ्या दारात आलात. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढी वाढलेली. मी वाट बघत होते, की तुम्ही आता म्हणाल, 'मंजुळे, माझं चुकलं.' तुम्ही म्हणालात, "डॉक्टर निघाला होता म्हणे. पाण्यामुळे वाटेत अडकला."

मी आमच्या ह्यांना चौकशी करायला लावली. त्या खोलीसाठी तोवर कुणा डॉक्टरची नेमणूकच झालेली नव्हती. अडकायला मुळात कुणी निघालेलंच नव्हतं. मी ते तुमच्या तोंडावर सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "हुकूम निघायचा असेल. माणूस निघाला असेल." त्या क्षणी मी ठरवलं, की या माणसाला माफी नाही.

तुम्ही मुलीचं नाव भारती ठेवलंत. माझ्या घरात ती कुसुम झाली. तुम्ही म्हणालात, "जरा मोठी झाली की नेतो." मी म्हटलं, "बघू." आणि मग माझ्या लक्षात आलं, की तुम्हाला मारायला मला हत्यार शोधायची गरज नाही. ते तुम्हीच माझ्या हातात दिलं होतं. तुम्हाला नुसतं 'पुढच्या वर्षी' म्हटलं की पुरत होतं.

दात आले की न्या, म्हटलं. दात आले. मग गोवर येऊन जाऊ दे, म्हटलं. मग शाळेत घालू दे. तुम्ही दर वेळी मान डोलवायचात, अगदी त्या डॉक्टरांसमोर डोलावली होती तशी. रागावला असतात, पोरीला ओढून घेऊन गेला असतात, तर मी काय करणार होते? बाप होतात. पण तुम्ही पिशवीतून जांभळं काढून ठेवायचात, चहा घ्यायचात आणि "पुढच्या वर्षी नक्की" असं स्वतःलाच बजावत एसटी पकडायचात.

आणि ती तुम्हाला 'गुरुजी' म्हणायची. ते मीच शिकवलं. मोखाड्याकडचे एक गुरुजी येतात, खाऊ आणतात, त्यांना नमस्कार कर. पहिल्यांदा तिनं तशी हाक मारली तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. तुम्ही एकदाच डोळे मिटलेत. नंतर म्हणालात, "मोठी झाली की कळेलच तिला." मला वाटलं होतं, तुम्ही भांडाल. तुमच्या मुलीच्या तोंडून 'बाबा' हा शब्द तुम्हाला ऐकू द्यायचा नाही, हे मी ठरवून केलं, आणि आज तुम्ही नाहीत तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. ताईला तर कुठलाच शब्द ऐकू आला नाही.

ताई गेल्यावर दोन पावसाळ्यांनी तुमचा डॉक्टर आला. तुम्ही ती बातमी सांगायला खास जव्हारला आलात. अंगणातूनच ओरडलात, "मंजुळे, डॉक्टर आला!" तुमचा चेहरा फुलला होता. मी आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर तुम्ही कुसुमला सांगत होतात, की आता आमच्या गावात कुणी मरणार नाही.

परवा मी तो दवाखाना पुन्हा पाहिला. दाराशी बायका पोरं काखेत घेऊन बसल्या होत्या. एकजण तर सुई टोचून घेतलेल्या पोराला थोपटत चक्क हसत होती. तुमचं म्हणणं खरं झालंय, भावोजी. ते खरं व्हायला ताई लागली नव्हती. तिच्याशिवायही त्या आल्या. थोड्या उशिरा आल्या, एवढंच.

सभा संपल्यावर डॉक्टर माझ्याजवळ आले. तरुण आहेत. म्हणाले, "पोटातली गाठ माझ्या हाताला श्रावणातच लागली होती. मुंबईला जा म्हणून मी हात जोडले. सहामाही होऊ दे म्हणाले. मग दिवाळी होऊ दे म्हणाले. आपोआप बसेल म्हणाले."

मला हसू आलं. शोकसभेच्या दारात, भावोजी, मला हसू आलं, आणि ते लपवायला मी पदर तोंडात धरला. ज्याची वाट बघत तुम्ही माझी बहीण घालवलीत, तो डॉक्टर आला, समोर उभा राहिला, हात जोडले त्यानं. आणि तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत. मग हसता हसता मला कळलं, की तुम्ही मला फसवलं नव्हतंत, ताईलाही फसवलं नव्हतंत. स्वतःच्या पोटातली गाठसुद्धा तुम्हाला दिसत नव्हती. एवढी वर्षं मी समजत होते, की तुम्ही दुसऱ्याच्या जिवावर आशा करता. ते तरी माझं खोटं ठरवलंत. पण म्हणून ताईचं मरण लहान होत नाही. ते मी होऊ देणार नाही.

परत येताना मोखाड्याच्या एसटी स्टँडवर आम्ही दोघी बाकड्यावर बसलो होतो. ऊन होतं. कुसुम चिक्की खात होती. मधेच म्हणाली, "मावशी, बाबांच्या शाळेतली पोरं घंटा फार जोरात वाजवतात."

मी म्हटलं, "कोणाच्या?"

ती खायची थांबली. जीभ चावली तिनं. मग म्हणाली, "मला माहीत आहे. कधीचं."

"कोणी सांगितलं?"

"शेजारच्या काकू बोलत होत्या. मग मी बाबांनाच विचारलं. तू मला त्यांना सोडायला स्टँडवर पाठवायचीस ना, तेव्हा वाटेत. ते म्हणाले, हो."

"आणि तू त्यांना..."

"स्टँड येईपर्यंत बाबा म्हणायचे. घरी गुरुजी." तिनं माझ्याकडे चोरून पाहिलं. "ते म्हणाले होते, मावशीला कळू देऊ नकोस. कळलं तर ती मला घरात घेणार नाही."

खरं होतं ते. घेतलं नसतं. जे नाही ते बघत जन्म काढलेल्या माणसानं मला मात्र जशी आहे तशी पाहिलं होतं. 'मावशी मनानं चांगली आहे, एक दिवस सांगेल,' असं तुम्ही तिला म्हणाला नाहीत. तुमच्या तोंडी शोभलं असतं ते. पण तुम्ही मला ओळखून, मोजूनमापून वागलात, आणि दर खेपेला माझं 'पुढच्या वर्षी' ऐकून भाबड्यासारखी मान डोलावलीत. मी समजत होते, मी तुम्हाला झुलवते आहे. तुम्ही आणि ती पोर मिळून मला झुलवत होतात. ही अक्कल नदीच्या काठावर कुठे गेली होती, भावोजी? तिथे एकदा, फक्त एकदा, असं डोळे उघडून पाहिलं असतंत!

कुसुम म्हणाली, "आई कशी गेली, ते नाही सांगितलं त्यांनी. मी खूप विचारलं. म्हणाले, ते मावशीला विचार. तिला सगळं नीट ठाऊक आहे. मी सांगितलं तर खोटं होईल."

एसटी आली. आम्हाला मागची जागा मिळाली. तुम्ही तुमची मान माझ्या हातात देऊन गेला होतात. हे सांगायचे शब्द मी वर्षानुवर्षं घासून ठेवलेले होते, पोरगी सोळाची झाली की सांगणार होते, तुमच्यासमोर. मी ते शब्द वापरले नाहीत. वापरायची गरजच नव्हती. डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही मान कशी डोलावलीत, रिकामं कपाट कसं दाखवलंत, ताई पडवीत काय बोलली, लहानू कोणती वाट दाखवत होता आणि तुम्ही काय म्हणत होतात, सगळं एकामागून एक सांगितलं. तुमच्या कळकळीचंही सांगितलं. मी फायनल कशी पास झाले, तेही सोडलं नाही. गाडी खड्ड्यांतून उसळत होती आणि मी मोठ्यानं बोलत होते. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती.

मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा चुकले."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी एवढी वर्षं आतल्या आत धुमसत होते. सभेत एकानंही म्हटलं नाही. तुम्ही स्वतः कधी म्हटलं नाहीत. तुमच्या पोरीनं म्हटलं, आणि तेही तुम्हाला बाबा म्हणून. मला हवं होतं ते मिळालं.

ते ऐकायला तुम्ही हवे होतात.